एकशे चौदा मुठी

गेल्या सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, मी मेश्राम सरांना माझी उजवी मूठ दिली. वजन दोनशे ग्रॅम. हजर तिघे: मी, स्वतः सर आणि आमचा दूधवाला. दूधवाल्याची मूठ माझ्यानंतर लगेच घेण्यात आली.

मूठ दिली म्हणजे काय, ते सांगतो. मी त्यांच्याकडे शिडी मागायला गेलो होतो. सरांनी फाटक उघडलं, शिडीबद्दल चकार शब्द काढला नाही आणि माझ्या तळहातावर भिजवलेल्या कणकेसारखा एक राखाडी, गार गोळा ठेवला.

"दाबा," ते म्हणाले.

"काय आहे हे?"

"दाबा तं पहिले. तीन मोजा. सोडा."

मी दाबलं, तीन मोजले, सोडलं. गोळ्यावर माझ्या चार बोटांच्या चार खाचा उमटल्या. सरांनी तो दोन बोटांनी अलगद उचलला, काट्यावर ठेवला, कॅलिपरने तीन ठिकाणी मोजला आणि एका लांबट रजिस्टरमध्ये लिहिलं. नाव, ठवकर साहेब. वय, बावन्न. काम, हिशेब. हात, उजवा. मग दूधवाल्याला गोळा दिला. त्याच्या खाचा खोल गेल्या.

"तुमची मूठ नरम आहे, ठवकर साहेब," सर म्हणाले. "पेनाची मूठ आहे. याची पहा. याले म्हणते मूठ."

दूधवाला खूश होऊन गेला. मीही घरी आलो. शिडी आणायला गेलो होतो, हे मला दुपारी जेवताना आठवलं.

नागपुरातल्या हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये माझा प्लॉट एकोणचाळीस नंबरचा आणि त्यांचा चाळीस. मधली भिंत सामाईक, छातीएवढी. चौदा वर्षांचा शेजार आहे. सर एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत पॅटर्नमेकिंग शिकवत. ओतकामाच्या आधी हव्या त्या वस्तूची लाकडात हुबेहूब प्रतिकृती करायची, ती वाळूत दाबायची आणि वाळूत पडलेल्या खड्ड्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, असं ते काम. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी प्रतिकृती तेवढी मोठी ठेवावी लागते. त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. चौतीस वर्षं सरांनी त्या पट्टीने मोजलं. निवृत्तीच्या दिवशी संस्थेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. पट्टी त्यांनी आपली आपणच आणली.

ही पट्टी काय चीज आहे, ते मला माझ्या बैठकीतल्या कोनाड्यामुळे कळलं. कोनाडा साठ सेंटिमीटर रुंद. सरांनी प्रेमाने सागवानाची फळी करून दिली, कडा अशा घासलेल्या की हात फिरवावा. फळी बसेना. मी माझ्या टेपने मोजली. साठ सेंटिमीटर आणि सहा मिलिमीटर.

"सर, फळी सहा मिलिमीटर जास्त आहे."

"फळी बरोबर आहे," ते म्हणाले. "भिंत मोजा."

भिंत मोजली. भिंत साठच होती. सरांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "विटायचं मटेरियल चुकलं. आकसली."

'माणूस चुकत नाही, मटेरियल चुकते' हे त्यांचं आयुष्याचं सार होतं. पोळी वातड झाली तर गव्हाचं मटेरियल. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं तरी ते मान हलवून म्हणायचे, "मटेरियल चुकलं असंल." बोलण्यात राग नसायचा. उलट सगळ्या माणसांना दोषमुक्त केल्याचं समाधान असायचं.

निवृत्तीनंतर त्यांनी लाकूड सोडलं आणि बाकी सगळं धरलं. भाताचं तूस जाळून त्याची राख. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ. रद्दीचा लगदा. सायकलच्या ट्यूबचे तुकडे. लाख, मेण, चुना, डिंक. गच्चीवर ओळीने फळ्या मांडलेल्या आणि प्रत्येक फळीवर वाळत घातलेल्या वड्या, कांड्या, गोळे. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: 'तूस ७', 'चिंचोका ४', 'संत्रासाल २'. यातल्या संत्रासाल दोनने मुंग्या आणल्या आणि चिंचोक्याने वास. वासाबद्दल मी लेआउटच्या ग्रुपवर दोनदा लिहिलं. सरांनी दोन्ही वेळा खाली अंगठा दाखवला, तो वरच्या दिशेचा.

त्यांचे फसलेले प्रयोग वाया जात नसत. ते आमच्याकडे येत. एकदा त्यांनी माझ्या पत्नीला, मंदाला, एक पळी दिली. खालचा भाग स्टीलचा, दांडा त्यांनी केलेला, तुपाच्या रंगाचा आणि दिसायला देखणा. त्याच रविवारी मंदाचे भाऊ जेवायला होते, म्हणून पाटवडीचा रस्सा केला होता. पळी पातेल्यात ठेवून ती कोशिंबीर करायला वळली. परत आली तेव्हा पातेल्यात स्टीलचा भाग तेवढा होता. दांडा नव्हता. तिने पातेल्याच्या आजूबाजूला शोधलं, ओट्याखाली शोधलं. मग रस्सा ढवळून पाहिला. रस्सा दाट झाला होता. मेहुण्यांनी तो दोनदा मागून घेतला.

मी संध्याकाळी भिंतीवरून विचारलं, "सर, त्या दांड्यात होतं काय?"

"बाभळीचा डिंक आन् तांदळाची पिठी. विरघळला काय?"

"सगळा."

"किती वेळात?"

"ते पाहिलं नाही. पाहुण्यांनी खाल्ला."

"खाऊ द्या," सर म्हणाले. "डिंक कमरेले चांगला असते." आणि रजिस्टर आणायला आत गेले.

हे दांडे कशासाठी होते, ते आता सांगायला हवं. मेश्राम वहिनी, म्हणजे सुशीलाबाई, तीस वर्षं ब्लाउज शिवत. आमच्या लेआउटमधल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती आणि त्या ती चारचौघींत सांगतही. गेल्याच्या गेल्या जूनमध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत बराच सुधारला. वाचा आठवड्यातच परतली, ती पूर्ण. उजवा हात मात्र अर्ध्यावर थांबला. बोटं वळायला लागत आणि मध्येच राहत, एखाद्या दारात काहीतरी अडकावं तशी.

शिवणयंत्रावर त्यांनी कापड टाकलं, ते तसंच राहिलं. त्याबद्दल त्या बोलत नसत. पण खरी अडचण जेवणाची होती. हाताने घास धरता येईना, भात बोटांतून गळे. चमचा धरला की तो फिरे आणि सांडे. डाव्या हाताने जेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं, फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलं, मंदाने सांगितलं.

"त्या हातानं मी तीन पोरायचे ढुंगण धुतले," वहिनी म्हणाल्या. "त्या हातानं जेवू? तू जेवतं का वं?"

मंदा चहा करायला उठली.

मी स्वतः ऑनलाइन एक जाड मुठीचा चमचा मागवून दिला होता. वहिनींनी खोका उघडला, पाहिलं आणि बंद केला. "दवाखान्यातला दिसते," म्हणाल्या. सरांनी त्यावर नखाने टकटक केलं आणि "प्लास्टिक," असं म्हणाले, एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसं.

तेव्हापासून वहिनी स्वयंपाकघराचं दार लावून जेवत. पाहुण्यांसमोर नाही, मुलांसमोर नाही, सरांसमोरही नाही. सांडलेलं त्या स्वतः पुसत, मग दार उघडत. सर बाहेरच्या खोलीत जेवत. मला मोजायची खोड आहे आणि भिंत सामाईक आहे. रोज एक वाजता त्यांच्या घरात एक ताट वाजे आणि सुमारे पंचवीस मिनिटांनी दुसरं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ते कधी वेगळे जेवले नव्हते, असं मंदाला वहिनींनीच सांगितलं होतं. समोर बसून एकमेकांच्या ताटातलं मीठ काढायचं, एवढंच त्यांचं बोलणं होतं, असं त्या म्हणाल्या होत्या.

म्हणून हे दांडे. आणि म्हणून मुठी. सरांचं म्हणणं असं की, एका हाताला दांडा करायचा तर हात ही काय वस्तू आहे ते आधी कळलं पाहिजे. "आधी दुनियेची मूठ, मग घरची," ते म्हणत. दुनिया येत गेली. गॅस सिलिंडरवाला, पोस्टमन, वीज मीटर वाचणारा, मंदाची भिशी. भिशीच्या दिवशी एकदम अकरा मुठी मिळाल्या आणि सर संध्याकाळपर्यंत गुणगुणत होते. गोळा वाळला की आठ दिवसांनी परत मोजायचा आणि किती आकसला ते लिहायचं. दर दहा-पंधरा मुठींमागे एक नवा दांडा तयार होई, नव्या मटेरियलचा. वहिनी दार लावून तो वापरून पाहत आणि दार उघडून निकाल देत.

"गार लागते."

"याले वास आहे."

"हा चमचा आहे का वखराचा दांडा? केवढं वजन."

"हातात राहत नाही."

हा शेवटचा निकाल सर्वांत जास्त वेळा येई. सर चिठ्ठीवर लिहीत, 'मटेरियल चुकलं', आणि पुढच्याला लागत.

हिवाळ्यात धरमपेठेतून एक मुलगी त्यांच्याकडे येऊ लागली. सायली तिचं नाव. कला महाविद्यालयात शिकत होती, तिला लगद्यात काहीतरी मोठं करायचं होतं आणि कुणीतरी तिला सरांचा पत्ता दिला होता. ती गच्चीवर फिरली, चिठ्ठ्या वाचल्या, मुठींच्या फळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, याच्यामागे कन्सेप्ट काय आहे?"

"कन्सेप्ट ओला आहे अजून," सर म्हणाले. "वाळू दे."

तिने ते वहीत लिहून घेतलं. पुढे तिच्या प्रदर्शनात सरांचे नऊ फसलेले दांडे धरमपेठेतल्या एका दालनात पांढऱ्या भिंतीवर दोऱ्याने टांगले गेले. आम्ही चौघे पाहायला गेलो. खाली कार्ड होतं: 'शीर्षक नाही'. सरांनी खिशातून पेन काढलं आणि प्रत्येकाखाली लिहिलं: चिंचोका ४, तूस ७, लाख ३. लोक त्यांना प्रश्न विचारत होते आणि ते चुन्यापासून सुरू करून सगळं सांगत होते. दीड तास. एवढा आनंदी माणूस मी क्वचित पाहिला आहे. वहिनी खुर्चीवर बसून होत्या. चहा-समोसे फिरले तेव्हा त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला आणि पोट भरलेलं आहे, असं मला सांगितलं.

मार्चमध्ये कुहीहून वहिनींच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलं होतं, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, गावातच. या भाचीला वहिनींनी लहानपणी दोन वर्षं आपल्याकडे ठेवून शाळेत घातलं होतं. वहिनींनी फोनवर सगळी चौकशी केली, नवऱ्या मुलाची नोकरी विचारली, नवरीचं ब्लाउज कोण शिवतं ते विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, "मी नाही येत वं. सर येतील."

सरांनी मला भिंतीवरून हे सांगितलं. "पंगतीत बसा लागते," ते म्हणाले. "बहिणीच्या घरी दार लावून कशी जेवंल?" मग बोटं मोजली. "दोन महिने आहे अजून."

एप्रिल लागताच त्यांनी माझ्याकडे रजिस्टर आणून दिलं. पानं सुटली होती, आकड्यांवर खळ सांडली होती. "तुमी हिशेबाचे माणूस आहा. जरा सरळ लिहून द्या. कोणतं मटेरियल कुठं चुकलं, ते एका जागी दिसलं पायजे."

मी दोन रविवार बसलो. एका बाजूला मुठी, एका बाजूला दांडे. मुठी एकशे चौदा. दांडे एकतीस. दांड्यांचे रकाने आखले: मटेरियल, वजन, लांबी, जाडी, निकाल. मटेरियलच्या रकान्यात एकतीस वेगवेगळी नावं आली. वजन चाळीस ग्रॅमपासून एकशे साठपर्यंत. लांबी थोडी इकडेतिकडे. जाडीच्या रकान्यात मी बावीस मिलिमीटर लिहिलं. खाली परत बावीस. परत बावीस. एकतीसच्या एकतीस.

हिशेबात एखादा आकडा प्रत्येक ओळीत सारखाच आला की माणूस थांबतो. मी मुठींची पानं परत चाळली. सिलिंडरवाला होता, मंदा होती, सायली होती, मी तर तीनदा होतो. मग रजिस्टर घेऊन मी पलीकडे गेलो. सर ओट्यावर बसून रद्दी फाडत होते.

"सर, हे बावीस कुठून आलं?"

"तिचं माप आहे."

"कधीचं?"

सरांनी रद्दी खाली ठेवली. "पोळ्या उलटायच्या सराट्याचा दांडा करून देल्ला होता मी तिले. त्याचं. हातात अस्सा बसत होता."

"म्हणजे आजारपणाच्या आधीचं."

"पहिलेचं," ते म्हणाले.

"आणि आत्ताची मूठ? मला सापडली नाही. कितव्या पानावर आहे?"

सर पट्टी कापडाने पुसू लागले. ती स्वच्छच होती. एकशे चौदा वेळा 'दाबा' म्हणणारा हा माणूस माझ्याकडे न पाहता, अगदी हळू म्हणाला, "तिले कसं म्हणू गा, दाब म्हणून?"

चौदा वर्षांत त्यांनी मला 'साहेब' सोडून घरच्यासारखं 'गा' म्हटलं, ते हेच एकदा.

दाराचा पडदा हलला. वहिनी काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, माहीत नाही.

"दूधवाल्याले म्हटलं," त्या म्हणाल्या. "त्या मीटरवाल्याले म्हटलं, तो तं घाईत होता. त्या धरमपेठच्या पोरीले म्हटलं. साऱ्या दुनियेच्या मुठी गच्चीवर वाळून राहिल्या. मी म्हटलं, आज मांगन, उद्या मांगन."

सर उठून उभे राहिले. विद्यार्थ्याने उभं राहावं तसे.

"मी ब्लाउज शिवले तीस वर्ष," वहिनी म्हणाल्या. "बाई जाड झाली तं जाड माप घेतलं. तिच्या लग्नातलं माप घेऊन शिवलं असतं तं बसलं असतं का तिच्या अंगाले? आना गोळा."

गोळा आणायला सरांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. वहिनी ओट्यावर बसल्या. सरांनी त्यांच्या तळहातावर गोळा ठेवला आणि बोटं मिटायला आपला हात पुढे केला. वहिनींनी डाव्या हाताने तो बाजूला सारला.

"तुमची मूठ नाही पायजे त्याच्यावर."

मग त्यांनी दाबलं. तीन कुणी मोजले नाहीत. मी दुसरीकडे पाहत होतो, पण ऐकू येत होता तो त्यांचा श्वास. बराच वेळ गेला. गोळ्यावर तर्जनीची आणि मधल्या बोटाची खूण उमटली होती. उरलेल्या दोन बोटांनी फक्त ओल उचलली होती.

सरांनी कॅलिपर लावला. परत लावला. मी पेन उघडून बसलो होतो.

"एक्केचाळीस," ते म्हणाले. मग माझ्या पेनाकडे पाहून, "अडतीस धरा. पुढं मूठ सुधरंल तं…"

"जेवढं आहे तेवढंच लिवा, ठवकर भाऊ," वहिनी म्हणाल्या. "कमी करू नका."

मी एक्केचाळीस लिहिलं. अनुक्रमांक एकशे पंधरा. कामाच्या रकान्यात काय लिहायचं, म्हणून मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "शिलाई."

बत्तिसावा दांडा करायला बावीस दिवस लागले. एवढा जाड करायचा आणि हलका ठेवायचा, हा पेच होता. शेवटी आत वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, वर रद्दीचा लगदा आणि चिंचोक्याची खळ, आणि त्यावर जवसाच्या तेलाचे सहा हात. जवसाचं तेल उन्हात घट्ट होतं आणि मग पाणी आत जाऊ देत नाही. नागपूरच्या एप्रिलच्या उन्हाचा एवढा चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. वजन अडतीस ग्रॅम. दिसायला तो, खरं सांगायचं तर, भाजलेल्या रताळ्यासारखा होता. धरमपेठेत कुणी टांगला नसता.

"वास?" सरांनी विचारलं.

"आहे थोडा. जवसाच्या चटणीसारखा," वहिनी म्हणाल्या. "चालते."

त्या दांड्याने त्यांनी स्वयंपाकघरात चार दिवस जेवून पाहिलं. दार लावूनच. निकाल सांगितला नाही. पाचव्या दिवशी सरांनी विचारलं, तर म्हणाल्या, "गाडी कोणाची न्यायची कुहीले? ठवकर भाऊची का?"

कुहीला आम्ही माझ्या गाडीने चौघे गेलो. मांडवात दोन मोठे कूलर होते आणि ऊन कापडातून गळत होतं. वंदना झाली, मंगल परिणय झाला, भाची वहिनींच्या गळ्यात पडून रडली आणि वहिनींनी तिच्या ब्लाउजची खांद्यावरची शिवण पाहून ओठ मुरडले. मग पंगत बसली. खाली बसायच्या पट्ट्या अंथरल्या होत्या, पण वयस्कर पाहुण्यांसाठी एका बाजूला लांब टेबल-खुर्च्या होत्या, तिथे वहिनींना बसवलं. शेजारी मी आणि मंदा. सर बसले नाहीत. वहिनींच्या खुर्चीमागे, दोन हात लांब, हात मागे बांधून उभे राहिले, जसे ते बहुतेक संस्थेत लोखंड ओतताना उभे राहत असतील.

वहिनींनी पिशवीतून चमचा काढला. रताळ्यासारखा दांडा हातात बसवला. पहिला घास वाटेत थोडा सांडला. त्यांनी सांडलेल्याकडे पाहिलं नाही. दुसरा घास पोचला. तिसरा पोचला. टेबलाशी वीस-पंचवीस माणसं होती आणि वहिनी वांग्याची भाजी आणि भात खात होत्या.

समोर नवऱ्या मुलाकडचे एक गृहस्थ बसले होते, नीट कपड्यांतले, चौकस. ते चमच्याकडे बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांनी मान वर करून सरांनाच विचारलं, "कायचा आहे हो हा? कोणतं मटेरियल आहे?"

मी हातातला घास खाली ठेवला. आता घोसाळं, मग चिंचोका, मग जवस. वरण गार होणार, हे मी धरून चाललो होतो.

"चमचा होय," सर म्हणाले. "जेवू द्या तिले."

गृहस्थ जेवू लागले.

वहिनींनी मान न वळवता शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे हनुवटी केली. "बसा आता. मांगं उभं राहून काय मोजून राहिले?"

सर बसले. त्यांच्यासमोर पत्रावळ आली, भात आला. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. वहिनींनी चमचा खाली ठेवला आणि डाव्या हाताने त्यांच्या पानातलं मीठ उचलून आपल्या पानात टाकलं. मग पुन्हा चमचा धरला. सरांनी त्या दिवशी पाच पोळ्या, तीनदा भात आणि दोनदा बुंदी घेतली. मी शेजारीच होतो.

उठताना, हात धुवायच्या आधी, सरांनी डाव्या हाताने खिसा चाचपला आणि वरण वाढणाऱ्या माणसाच्या हातात शंभराची नोट दिली. तो गोंधळला. घरचंच कार्य होतं, तो नवरीचा चुलतभाऊ होता.

"काहून हे, मावसाजी?"

"ठेव गा," सर म्हणाले. "आज आमी संगं जेवलो."